सदाचाराचं अंदाजपत्रक

इमारतीत त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे त्याला ते ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्याने बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं केली. पूल असो की मुतारी, कागद आधी त्याच्या टेबलावर यायचा आणि तो तीन प्रश्न विचारायचा. हे कशाला हवंय? किती लागणार? आणि बांधून झाल्यावर निगा कोण राखणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खात्यात कोणाकडेच नसायचं. म्हणून खात्याने त्याला बढती दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही, कारण साहेबाची खुर्ची फिरती होती आणि तिला फुकटचं तेल लागायचं.

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. त्याला मूलच नव्हतं. त्याला एक बायको होती आणि एक पक्ष होता.

पक्षाचं असं झालं की दर निवडणुकीला नवरा-बायको शेजारी बसून सगळ्यांचे जाहीरनामे वाचायची. ती मोठ्याने वाचायची, तो पेन्सिलीने कडेला खर्च मांडायचा. शेवटी ती चष्मा काढायची आणि म्हणायची, "एकाला आपला खिसा हवाय, दुसऱ्याला आपलं अंथरूण. जायचं कुठे माणसाने?" जायला जागाच नाही म्हटल्यावर त्यांनी दोघांचाच पक्ष काढला. कार्यालय स्वयंपाकघरात. घोषणा तिची: "कपाटाला कुलूप, दाराला नको." म्हणजे सगळ्यांचा पैसा स्वतःचा असल्यासारखा जपा, आणि कोण कोणाबरोबर राहतं, उठतं, झोपतं हे ज्याचं त्याला बघू द्या. अध्यक्षपद दोघांनी आलटून पालटून घ्यायचं ठरलं होतं. अडतीस वर्षांत त्याची पाळी एकदाही आली नाही.

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. पक्षाची निम्मी सभासदसंख्या एका सकाळी घटली. उरलेला निम्मा पक्ष रोज एक कप चहा करायला शिकत होता आणि अजून त्याचा दीड कप होत होता. वरचा अर्धा कप तो ओतून देत नसे. वाया घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो थंड झाला की प्यायचा.

इमारतीत घरं तेवीस आणि तट दोन. एक तट डॉक्टरीणबाईंचा. या दातांच्या डॉक्टर. त्यांना वाटायचं की इमारतीचं हसू चांगलं दिसलं पाहिजे, मग त्यासाठी कितीही खर्च येवो. मागच्या वर्षी त्यांनी फाटकाला घुमट लावायचं काढलं होतं. दुसरा तट विमेवाल्याचा. हा विम्याच्या पॉलिसी विकायचा आणि कमिटीचा चिटणीस होता. जिन्यातला दिवा गेला तर तो दोन महिने म्हणायचा, "बघू, डोळ्यांना सवय होते." पैशाच्या बाबतीत मोजपट्टीचं त्याच्याशी बरं जमायचं. पण विमेवाल्याला एक खोड होती. दिव्यावर वाचवलेली नजर तो लोकांच्या दारांवर खर्च करायचा. कोणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, गेलं की नाही गेलं.

दोन्ही तटांत घरं अकरा-अकरा. तेविसावं घर मोजपट्टीचं. तो खर्चाच्या वेळी विमेवाल्याबरोबर हात वर करायचा आणि नियमांच्या वेळी त्याच्याविरुद्ध. म्हणून दोन्ही तटांनी मिळून त्याला आणखी एक नाव ठेवलं होतं, वटवाघूळ. पक्ष्यांत नाही, जनावरांत नाही. यावर त्याची बायको म्हणायची, "असू दे. वटवाघळाला सगळं जग उलटं दिसतं, म्हणजे बरोबर दिसतं."

अशात एका सोमवारी टपालपेट्यांच्या वरच्या फळ्यावर नोटीस लागली. रविवारी दुपारी चार वाजता सर्वसाधारण सभा, विषय दोन. पहिला: आवारात कारंजं आणि झाडाखाली दगडी बाक. दुसरा: इमारतीत यापुढे फक्त कुटुंबांनीच राहावे, जे कुटुंब नाहीत त्यांनी तीन महिन्यांत जागा सोडावी.

दुसरा विषय कोणासाठी आहे हे सांगायला नोटिशीची गरज नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर मोजपट्टीच्या डोक्यावर, चार वर्षांपासून दोन पुरुष भाड्याने राहत होते. घरमालक परदेशात होता आणि त्याचं मत डॉक्टरीणबाई देत. एक रुग्णालयात नर्स होता, दुसरा तलावावर पोहायला शिकवायचा. ते दोघं एकमेकांचे कोण, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. ते दोघं हळू आवाजात भांडत, भाजीवरून भांडत आणि लगेच समेट करत, म्हणजे बाकीच्या बावीस घरांपेक्षा बरा संसार करत.

मोजपट्टीला ते फारसे आवडत होते असं मुळीच नाही. पोहणारा पाण्यात मासा असेल, जमिनीवर रेडा होता. सकाळी साडेपाचला तो उठला की मोजपट्टीच्या छताचा चुना गळायचा. त्याने दोनदा काठीने छत ठोकलं होतं, तर वरून पोहणाऱ्याने उलट दोनदा ठोकलं. त्याला वाटलं, काका सुप्रभात म्हणताहेत.

मंगळवारी मेहुणी डबा घेऊन आली. बायकोची ही धाकटी बहीण तळमजल्यावर राहायची, एकटी. बहीण गेल्यापासून रोज दुपारी डबा आणायची आणि डब्याबरोबर दोन शब्द ऐकवायची. ती डॉक्टरीणबाईंच्या तटातली होती.

"भावजी, निरोप आहे," डबा आपटत ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, पहिल्या विषयाला तुम्ही हात वर करा. मग दुसऱ्या विषयात आमची अकराच्या अकरा मतं विरोधात. तुमचे वरचे दोघं राहतील."

"माझे कुठले? मी भाडं घेतो का त्यांच्याकडून?"

"आणि बाकावर ताईचं नाव येईल. दगडात कोरून. मी सांगितलंय बाईंना."

मोजपट्टीने डबा जवळ ओढला. डब्याचं झाकण त्याने उघडलं, परत लावलं.

झाडाखालच्या त्या जागेचा इतिहास होता. बायको बारा वर्षं रोज संध्याकाळी तिथे बसायची. बाक नव्हता, म्हणून घरातली लाकडी घडीची खुर्ची काखेत मारून न्यायची. तो आपली आणायचा. अशा दोन खुर्च्या. ती येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, तो शेजारी बसून पेपरातल्या बेरजा तपासायचा. शेवटच्या वर्षी तिला उचलवेना, तेव्हा दोन्ही खुर्च्या तोच न्यायचा. तिच्या गुडघ्यांना किती उंची लागते हे त्याला बोटांवर पाठ होतं. ती गेल्यावर एका दुपारी त्याने कागदावर बाक काढला होता. लांबी, रुंदी, पाठीचा कल, सगळं. कागद कपाटात होता, कुलपात.

"दगडी बाकावर उन्हाळ्यात बूड भाजतं," तो शेवटी म्हणाला.

"विषय बुडाचा नाहीये!"

"आणि कारंज्याच्या कोटेशनमध्ये पंप आहे, पंपाची वीज नाही. शेवाळ कोण काढणार?"

"मी काढीन शेवाळ!" मेहुणीचा आवाज चढला. "जिवंतपणी तिला एक साधी सोन्याची कुडी घेतली नाहीत. आता दुसरे खर्च करताहेत तर तेही बघवत नाही. तुमच्या काळजाला पण निविदा काढावी लागते का हो?"

"दुसरे नाही करत," तो म्हणाला. "सगळे करताहेत. त्यात चौथ्या मजल्यावरचा शिंपी आहे, ज्याचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. त्याच्या खिशातून माझ्या बायकोला बाक?"

मेहुणी तरातरा निघून गेली. बुधवारी डबा आला नाही.

बुधवारी आला तो विमेवाला, जिन्यात. तो नेहमी एक पायरी वर उभा राहून बोलायचा.

"साहेब, कारंज्याला तुमचा विरोध असणारच. आम्ही अकरा आणि तुम्ही. कारंजं गार."

"बरं."

"दुसऱ्या विषयाला तुम्ही विरोध करू नका. नुसतं गप्प बसा. तुम्ही आमच्यातलेच आहात, काटकसरी माणूस. काटकसर आणि सदाचार, दोन्ही एकाच घरात नांदतात."

"माझ्या घरात नाही नांदत. माझ्या घरात फक्त काटकसर आहे. सदाचाराला परवडत नाही."

विमेवाला हसला, पण पायरीवरून उतरला नाही. "विनोद वेगळा. इथे कुटुंबं राहतात, साहेब. माझी आई आहे, शहाऐंशी वर्षांची. तिला जिन्यात काय काय बघावं लागतं."

"तुमच्या आईला पाच वर्षांपासून मोतीबिंदू आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"ठरावाचा मसुदा आहे का लिहिलेला? द्या एक प्रत. वाचल्याशिवाय मी गप्पसुद्धा बसत नाही."

विमेवाल्याने पिशवीतून प्रत काढून दिली. एकाच पानाच्या दोन्ही बाजूंनी छापली होती. मोजपट्टीला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी नर्स खाली आला. हातात कुंडी होती.

"काका, हे रोप ठेवाल? नवीन जागेला गच्ची मिळेलच असं नाही."

"सभा अजून व्हायचीय."

"आम्ही हिशोब केला मतांचा. खोकी आणायला सुरुवात केलीय." नर्स दारातच उभा होता. "तुम्ही आमच्यासाठी कोणाशी वाईटपणा घेऊ नका, काका. तळमजल्यावरच्या मावशी बोलत नाहीयेत म्हणे तुमच्याशी."

मोजपट्टीने कुंडीकडे पाहिलं. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा याच माणसाने त्याला माणूस न उचलता चादर बदलायला शिकवलं होतं. आधी कुशीवर वळवायचं, जुनी चादर निम्मी गुंडाळून पाठीशी सरकवायची, नवी निम्मी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. पहिल्यांदा मोजपट्टीने बायकोऐवजी स्वतःलाच चादरीत गुंडाळलं होतं. ती इतकी हसली की खोकला थांबेना. त्या महिन्यात ती हसलेली ती एकदाच.

पण हे असलं काही बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी तुमच्यासाठी काही करत नाहीये," तो म्हणाला. "तुमच्या त्या मित्राचे पाय मला अजिबात पसंत नाहीत. कुंडी वर ने. आणि त्याला म्हणावं, घरात मऊ चपला घाल."

मग तीन दिवस तो टेबलाशी बसला. मसुदा त्याने चार वेळा वाचला. चौथ्या वेळी चष्मा पुसून वाचला आणि बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "हे ऐक." मग ती ऐकत नाही हे आठवून त्याने पेन्सिलीला टोक केलं.

रविवारी चार वाजता तळमजल्यावर गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत विमेवाल्याची आई बसली होती, मांडीवर काठी, काळा चष्मा. तिला ऐकू मात्र मुंगीचं पाऊलसुद्धा जायचं. मेहुणी डॉक्टरीणबाईंच्या शेजारी, त्याच्याकडे पाठ करून. वरचे दोघं भाडेकरू, त्यांना मत नव्हतं. ते मागे लिफ्टपाशी उभे होते. पोहणाऱ्याने नव्या मऊ चपला घातल्या होत्या.

पहिला विषय लवकर संपला. डॉक्टरीणबाईंनी कारंज्याचं चित्र दाखवलं. चित्रात पाणी निळं होतं आणि एक हंस होता, जो कोटेशनमध्ये नव्हता. त्या म्हणाल्या, "आणि शेजारचा बाक आपल्या सगळ्यांच्या लाडक्या वहिनींच्या नावाने." सगळ्यांनी मोजपट्टीकडे पाहिलं. मेहुणीनेही मान वळवली. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि तिला विनवणीची सवय नव्हती.

बाजूने किती, विचारलं. अकरा हात. विरोधात किती? अकरा हात वर गेले. मग बारावा, हळू, खांदा दुखत असल्यासारखा.

मेहुणीने मान पुढे फिरवली.

"ठीक," डॉक्टरीणबाई दातांच्या मधून म्हणाल्या. "दुसऱ्या विषयात आमचा तट तटस्थ. ज्याला शेजारी हवेत त्याने ते स्वतःच्या मताने ठेवावेत."

म्हणजे अकरा विरुद्ध एक. नर्सने पोहणाऱ्याच्या दंडाला हलकेच हात लावला, चल म्हणून. पोहणारा हलला नाही.

विमेवाला उभा राहिला. चर्चा नको, थेट मत घेऊ म्हणाला.

"चर्चा नको," मोजपट्टी म्हणाला. "पण ज्या ठरावाला खर्च आहे त्याचं अंदाजपत्रक मताआधी वाचावं लागतं. तुम्हीच केलेला नियम आहे, फाटकाच्या घुमटाच्या वेळी."

"याला कसला खर्च? नुसता नियम आहे."

"नियम फुकट असतो. पाळून घेणं फुकट नसतं." त्याने खिशातून कागद काढला. "सदाचाराचं अंदाजपत्रक. बाब एक. कोण कुटुंब आहे हे ठरवायला दाखले तपासावे लागणार. तेवीस घरं, शिवाय दर नव्या भाडेकरूचे. चिटणीस विमा सोडून हे करणार नाहीत, म्हणून कारकून एक, अर्धवेळ. बाब दोन. पहारेकरी. आज आपल्याकडे दिवसा एक आहे आणि तो झोपतो. आता तीन लागतील, तीन पाळ्यांत. पाप ऑफिसच्या वेळा बघून होत नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"बाब तीन. आलेल्या-गेलेल्यांची नोंदवही. पाहुणा आत गेला, बाहेर आला का, नसेल तर वर जाऊन बघायचं. बाब चार. वर जाऊन बघितल्यावर जो मार बसेल त्याचं औषधपाणी."

"साहेब, ही थट्टा..."

"बाब पाच, वकील. तिसऱ्या मजल्याचा मालक परदेशात आहे, पण त्याचा वकील इथेच आहे. घर रिकामं करायला लावलं तर तो दावा ठोकणार. दावा आपण हरलो तर नुकसानभरपाई, जिंकलो तरी फी. बाब सहा. घर रिकामं पडलं की त्याची वर्गणी बुडते. मी दहा वर्षांची वही काढली. या इमारतीत दर महिन्याच्या एक तारखेला वर्गणी भरणारं एकच घर आहे. ते म्हणजे ते दोघं. मीसुद्धा दोन तारखेला भरतो." त्याने कागद उलटला. "बाब सात, अनपेक्षित खर्च. पुलाला मी दहा टक्के धरायचो. सदाचाराला वीस धरलेत, त्यात अनपेक्षित फार निघतं. एकूण दर घरामागे, आज भरता तेवढी आणखी एक वर्गणी आणि वर पाव. दर महिना. कायमची. कारण पाप काही एका वर्षात संपत नाही."

चौथ्या मजल्यावरचा शिंपी विमेवाल्याच्या तटातला होता. त्याने हळूच विचारलं, "दर महिना?"

"कारंजं यापेक्षा स्वस्त होतं," मोजपट्टी म्हणाला. "आणि त्यात हंस होता."

आता डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पण विमेवाला तयारीचा गडी होता.

"खर्च कमी करता येईल," तो म्हणाला. "पहारेकरी नको, आपण लक्ष ठेवू. मी ठेवीन. फुकट. मुद्दा साधा आहे. इथे कुटुंबं राहतील. बस."

"कुटुंब म्हणजे कोण?"

"मसुद्यात व्याख्या दिलीय."

"ती वाचू का?" मोजपट्टीने दुसरा कागद काढला. "'कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याची किंवा तिची हयात पत्नी अथवा पती, आणि पंचवीस वर्षांखालील अवलंबून असलेली अपत्ये.' छान आहे. सुटसुटीत. फक्त एक शंका. हा अर्जदार कोण? घरात राहायला अर्ज कुठे करायचा?"

विमेवाल्याने प्रत उघडून पाहिली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुटुंबाची व्याख्या लिहायला बसल्यावर त्याला ती सुचली नव्हती. मग त्याने रोजच्या हाताखालची उचलली होती. विम्याच्या अर्जातली.

"आमच्या पिढीत," मोजपट्टी म्हणाला, "पुरुषमाणूस बायकोचं नाव घेत नसे. आमचं कुटुंब म्हणायचा. आमचं कुटुंब माहेरी गेलंय, कुटुंबाला बरं नाहीये. माझे वडील तसंच म्हणायचे. त्या हिशोबानेही आणि या हिशोबानेही..." तो थांबला. कागद त्याने घडी करून खिशात घातला. "माझं कुटुंब अकरा महिन्यांपूर्वी गेलं. म्हणजे तीन महिन्यांत मी जागा सोडायची. तळमजल्यावर माझी मेहुणी एकटी राहते. तीही सोडेल. शिंप्याचा मुलगा सव्वीस वर्षांचा झाला, त्याला बाहेर काढा. वरच्या दोघांना आम्ही तिघं मिळून सामान बांधायला मदत करू. त्यांच्याकडे खोकी आहेत."

"चूक झाली असेल छपाईत," विमेवाला म्हणाला. "दुरुस्ती करू. अर्थ सगळ्यांना कळतो."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर आपटली.

"त्यात आई कुठे आहे रे?" विमेवाल्याच्या आईने विचारलं.

"आई, तू नंतर बोल."

"बायको आहे, पोरं आहेत. आई वाचली नाही त्यांनी."

"तसं नसतं गं ते. पॉलिसीत आई-वडील वेगळे असतात, त्यांना जादा हप्ता..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही, इतका हशा झाला. म्हातारी मात्र हसली नाही. हशा संपेपर्यंत ती थांबली.

"घर कोणाच्या नावावर आहे?" तिने विचारलं.

"आई, इथे नको."

"माझ्या. मत कोणाचं? माझं. बाप गेला तेव्हा मी एकटीने याला इथे वाढवला. त्या वेळी हा चिटणीस असता तर मला तीन महिन्यांत बाहेर काढली असती." तिने काळा चष्मा बरोबर मुलाच्या दिशेने वळवला. "हात वर करायला निघालास ना? खाली ठेव."

मत घेतलं. बाजूने चार हात वर आले. त्यातला एक शिंप्याचा होता आणि त्याने नंतर सांगितलं की तो खांदा खाजवत होता. विरोधात एकोणीस. डॉक्टरीणबाई तटस्थ राहणार होत्या, पण त्यांचा तट हसता हसता हात वर करून बसला होता. चिटणिसाने कोणाच्याच बाजूने मत दिलं नाही, कारण त्याला ते नव्हतं.

लिफ्टपाशी पोहणाऱ्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. नर्स त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, सगळ्यांसमोर. कोणी काही म्हणालं नाही. म्हणणं आता महाग पडलं असतं.

मेहुणी मात्र खुर्ची घडी करून, त्याच्याकडे न बघता घरात गेली. तिने दुसऱ्या विषयाच्या विरोधात हात वर केला होता, पण पहिला विषय ती विसरली नव्हती. सोमवारीही डबा नाही. मंगळवारी नाही. मोजपट्टीने आणखी चार दिवस बिस्किटं खाल्ली आणि आपल्यावर अन्याय झाला असं स्वतःला वाटू दिलं नाही. तिने बहिणीसाठी एक गोष्ट मागितली होती आणि त्याने नाही म्हटलं होतं. आपण बरोबर होतो हे त्याला माहीत होतं. बरोबर असण्याने पोट भरत नाही, हेही कळत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने बायकोची खुर्ची काढली. एका पायाची खिट्टी सैल होती, ती बसवली. पातळ वार्निशचा एक हात दिला, घरात उरलेल्या डब्यातून. मग खुर्ची काखेत मारून खाली नेली आणि झाडाखाली ठेवली. मागच्या पट्टीवर त्याने तिचं नाव लिहिलं होतं, पेन्सिलीने. आधी पुसट वाटलं म्हणून दोनदा गिरवलं होतं.

अर्ध्या तासात विमेवाला पावतीपुस्तक घेऊन हजर. सभेपासून तो जरा खालच्या पायरीवरून बोलू लागला होता, पण आज त्याच्या चेहऱ्यावर तजेला होता.

"साहेब, सामायिक जागेत खाजगी सामान. नियम एकोणीस. दरमहा दंड आहे."

"माहीत आहे. तो नियम मीच लिहिलाय."

"मग?"

"मग फाडा पावती. वर्षाचा एकदम भरतो. एकरकमी भरल्यावर सूट किती?"

विमेवाल्याने नियम काढून वाचला. "सूट नाही."

"बरोबर. मी मुद्दामच ठेवली नव्हती." त्याने पाकीट उघडलं. नोटा दोनदा मोजून दिल्या. निवृत्तीनंतर त्याने स्वखुशीने केलेला हा पहिलाच वायफळ खर्च. त्याला वाटलं होतं तसं हाताला काही चावलं नाही.

पावती घडी करून खिशात ठेवताना त्याच्या लक्षात आलं की तळमजल्याचं दार उघडं आहे. मेहुणी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती चालत आली, खुर्चीच्या पाठीवरचं नाव वाकून वाचलं आणि म्हणाली, "अक्षर काय घाणेरडं आहे, भावजी."

"पेन्सिल आहे. खोडता येतं."

"खबरदार हात लावाल तर." ती खुर्चीत बसली. पाय जमिनीला बरोबर टेकले. दोन्ही बहिणींची उंची सारखी होती हे त्याच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. ती फाटकाकडे बघू लागली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "उद्या डबा आणते. जाडे झालात बिस्किटं खाऊन."

"बरं."

"असे खांबासारखे काय उभे राहिलात? तुमची खुर्ची कुठंय?"

"वर आहे."

"मग आणा की."

"दुसऱ्या खुर्चीला वेगळा दंड आहे."

मेहुणीने त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं.

"मग राहा उभे," ती म्हणाली.

तो उभा राहिला.